प्रॉक्सीच्या पोटात आपला सी कोड: ट्रॅफिक सर्व्हरचं प्लगिन लिहिताना काय डोक्यात ठेवायचं

सी येतं, पॉइंटर येतात, एचटीटीपी काय असतं तेही माहितीये, आणि तरी अपाची ट्रॅफिक सर्व्हरचं पहिलं प्लगिन लिहायला बसलं की चांगल्या चांगल्यांचं डोकं दोन दिवस चालत नाही, हे मी बऱ्याचदा बघितलंय. यात सीचा दोष नाही. आपल्याला सवय असते ती ‘मेन’पासून सुरू होऊन ओळीओळीने खाली जाणाऱ्या प्रोग्रॅमची, आणि इथे ‘मेन’ आपलं नसतंच. प्रोग्रॅम दुसऱ्याचा, थ्रेड दुसऱ्याचे, मेमरीसुद्धा बरीचशी दुसऱ्याची. आपल्याला बोलावलं की जायचं, काम उरकायचं, जे हातात घेतलं ते परत द्यायचं आणि निघायचं. हे एकदा मनात बसलं ना की बाकीचा एपीआय म्हणजे नुसती डॉक्युमेंटेशन वाचायची गोष्ट आहे, म्हणून मी हा लेख सगळा त्याच अंगाने लिहितोय.

आधी थोडक्यात, प्रॉक्सी म्हणजे ब्राउझर आणि मूळ सर्व्हर यांच्या मधे बसणारा प्रोग्रॅम. रिक्वेस्ट आधी त्याच्याकडे येते, त्याच्या कॅशमध्ये उत्तर असेल तर तिथूनच देतो, नसेल तर मागच्या सर्व्हरकडून आणतो, देतो आणि स्वतःकडे एक प्रत ठेवतो. ट्रॅफिक सर्व्हर हा असाच एक प्रॉक्सी, आणि प्लगिन म्हणजे त्याला बाहेरून जोडलेला आपला कोड. तो मुळात इंक्टोमी नावाच्या कंपनीचं विकतचं प्रॉडक्ट होतं, २००३ मध्ये इंक्टोमी याहूकडे गेली, याहूने २००९ मध्ये तो ओपन सोर्स करून अपाचीकडे दिला आणि एप्रिल २०१० मध्ये तो अपाचीचा स्वतंत्र प्रोजेक्ट झाला. आतला गाभा सी++ मध्ये आहे, पण प्लगिनसाठी जो दरवाजा ठेवला तो व्हर्जन ९ पर्यंत वर्षानुवर्षं साध्या सी फंक्शनचा राहिला. मी जे सांगतोय ते त्याच ९ च्या मालिकेला धरून.

एक गोष्ट कोड लिहायच्या आधीच सांगतो. नुसते हेडर टाकायचे, काढायचे, अमुक हेडर असेल तर तमुक स्टेटस द्यायचा, एवढंच काम असेल तर प्लगिन लिहू नका. ‘हेडर रीराइट’ नावाचं प्लगिन सोबतच येतं, ते कॉन्फिग फाइलमधून हे सगळं करतं. यूआरएल रेजेक्सने (म्हणजे मजकुराचा नमुना जुळवून) बदलायच्या असतील तर ‘रेजेक्स रीमॅप’ आहे, आणि थोडं लॉजिक लागत असेल तर लुआ या छोट्या स्क्रिप्ट भाषेवालं प्लगिन आहे. सी तेव्हाच घ्या जेव्हा कामच तसं आहे, म्हणजे तुमची स्वतःची सही तपासायची आहे, बॉडी बदलायची आहे, किंवा एखादी सी लायब्ररी जोडायची आहे. कारण प्लगिन प्रॉक्सीच्या त्याच प्रोसेसमध्ये चालतं, वेगळी भिंत नाही काही नाही, तुमचा एक चुकीचा पॉइंटर आणि त्या क्षणी चालू असलेली सगळ्या लोकांची सगळी कनेक्शन तुटतात.

आता सांगाडा. (फंक्शनची नावं मी देवनागरीत तोडून लिहितोय, कोडमध्ये ती जोडून असतात आणि जवळजवळ सगळी ‘टीएस’ने सुरू होतात.) प्लगिन म्हणजे एक शेअर्ड लायब्ररी, सोबत येणाऱ्या ‘टीएसएक्सएस’ नावाच्या टूलने ती कंपाइल आणि इन्स्टॉल होते. ‘प्लगिन डॉट कॉन्फिग’ फाइलमध्ये तिच्या नावाची एक ओळ टाकायची, पुढे हवे तर आर्ग्युमेंट, आणि प्रॉक्सी रीस्टार्ट करायचा. रीस्टार्टच करायचा हं, ही फाइल कॉन्फिग रीलोडने परत वाचली जात नाही आणि यात नवीन माणसाचा अर्धा दिवस सहज जातो. सुरू होताना प्रॉक्सी तुमच्या लायब्ररीतलं ‘टीएस प्लगिन इनिट’ हे फंक्शन शोधून एकदाच बोलावतो. त्यात तुम्ही तीन गोष्टी करता: आपलं नाव रजिस्टर करायचं, एक ‘कंटिन्युएशन’ बनवायचं, आणि ते कुठल्या तरी ‘हुक’ला अडकवायचं. इनिट संपलं, तुम्ही घरी. यानंतर तुमचा कोड तेव्हाच चालणार जेव्हा कोणीतरी बोलावेल.

कंटिन्युएशन हा शब्द जड वाटतो पण ती फक्त एक पुडी आहे: एक फंक्शन, त्याच्याबरोबर ठेवलेला डेटा, आणि हवा असेल तर एक म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप. प्रॉक्सी त्या फंक्शनला बोलावताना काय घडलं त्याचा नंबर आणि त्यासोबत एक पॉइंटर देतो. नंबर बघून तुम्ही स्विचमध्ये ठरवायचं की आता काय करायचं.

हुक म्हणजे रिक्वेस्टच्या वाटेवरची फाटकं. रिक्वेस्टचे हेडर वाचून झाले, एक फाटक. यूआरएल बदलायच्या आधी एक, बदलल्यावर एक. कॅशमध्ये बघून झालं, एक. मागच्या सर्व्हरकडे रिक्वेस्ट पाठवायच्या आधी एक, त्याचं उत्तर आलं की एक, क्लायंटला उत्तर द्यायच्या आधी एक, आणि सगळं आटोपलं की शेवटचं. आता कुठलं फाटक निवडता याने फार फरक पडतो आणि हे डॉक्युमेंटेशन वाचून पटकन लक्षात येत नाही. समजा तुम्हाला उत्तरात एक हेडर घालायचाय. ‘मागून उत्तर आलं’ या फाटकावर घातला तर तो हेडर उत्तरासोबत कॅशमध्ये जाऊन बसतो आणि पुढे तीच गोष्ट मागणाऱ्या प्रत्येकाला मिळतो, शिवाय कॅशमधून उत्तर जाताना हे फाटक लागतच नाही कारण मागे कोणी गेलंच नाही. ‘क्लायंटला देण्याआधी’च्या फाटकावर घातला तर तो फक्त त्या एका माणसापुरता, दर वेळी नव्याने. म्हणजे युजरचा आयडी किंवा असलं काही खाजगी तुम्ही पहिल्या फाटकावर घातलं तर एकाची माहिती दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये. कोड दोन्हीकडे तोच आहे, एक शब्द वेगळा आहे फक्त.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. फाटकाशी आलेली रिक्वेस्ट तुम्ही सोडेपर्यंत तिथेच उभी राहते. सोडायचं फंक्शन म्हणजे ‘टीएस एचटीटीपी टीएक्सएन रीएनेबल’. आपलं फंक्शन रिटर्न झालं म्हणजे रिक्वेस्ट पुढे गेली, असं नाही. रिटर्न वेगळं, रीएनेबल वेगळं. हे असं का केलंय? तर कधी कधी तुम्हाला लगेच निर्णय देता येत नाही, कुठून तरी काहीतरी विचारून यायचंय, तेव्हा तुम्ही रिटर्न होऊन थ्रेड मोकळा करता आणि रिक्वेस्ट मात्र धरून ठेवता, उत्तर आलं की मग सोडता. सुंदर सोय आहे. पण त्याची किंमत अशी की फंक्शनमधून बाहेर पडायची जेवढी वाट आहे त्या प्रत्येक वाटेवर रीएनेबल झालंच पाहिजे आणि एकदाच झालं पाहिजे.

आमच्याकडे एका प्लगिनमध्ये हेच राहिलं होतं. हेडर सापडला तर एक वाट, नाही सापडला तर दुसरी वाट, दोन्हीकडे रीएनेबल बरोबर, पण सगळ्यात वर ‘रिक्वेस्ट मिळाली का’ ही तपासणी होती आणि ती फसली की सरळ रिटर्न. तसं हजारात एखाद्या वेळी व्हायचं. टेस्टमध्ये काही दिसलं नाही, आणि दोन दिवसांनी लक्षात आलं की उघडी कनेक्शन हळूहळू वाढतायत, ना एरर ना क्रॅश, नुसते काही लोक पांढऱ्या पानाकडे बघत बसलेत. तेव्हापासून मी एकच पद्धत पाळतो, फंक्शनच्या तळाशी एक लेबल, तिथे आधी घेतलेलं सगळं परत देणं आणि मग रीएनेबल, आणि वरून कुठूनही बाहेर पडायचं तर ‘गोटू’ने तिथेच यायचं. कॉलेजमध्ये गोटू वाईट असं शिकवतात, पण सीमध्ये साफसफाईसाठी याच्याहून भरवशाचं काही मला अजून सापडलेलं नाही.

घेतलेलं परत देणं म्हणजे काय ते आता नीट बघू, कारण सगळ्यात जास्त बग इथे असतात.

समजा आपलं प्लगिन एक टोकन, म्हणजे हेडरमधून येणारी ओळखीची खूण, तपासतंय, टोकन नसेल किंवा चुकीचं असेल तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’. रिक्वेस्टचे हेडर मागितले की प्रॉक्सी तुम्हाला स्ट्रक्चर देत नाही, दोन खुणा देतो, एक बफर आणि त्या बफरमधली एक जागा. हेडर एका सलग बफरमध्ये दाटून ठेवलेले असतात आणि आपल्याला फक्त पत्ता मिळतो. त्या जागेवरून नाव देऊन फील्ड शोधायचं, फील्डची पण एक जागा मिळते. काम झालं की आधी फील्डची जागा परत, मग हेडरची, ‘हँडल एमलॉक रिलीज’ने. हा जोडीचा नियम डोळे मिटून पाळा.

मग व्हॅल्यू. इथे सीवाल्या प्रत्येकाचा पाय घसरतो. व्हॅल्यू मागितली की पॉइंटर मिळतो आणि लांबी मिळते, पण त्या स्ट्रिंगच्या शेवटी शून्य नसतं! तो पॉइंटर थेट त्या दाटलेल्या बफरच्या आत रोखलेला असतो, त्याच्या पुढच्याच बाइटपासून दुसरंच काहीतरी सुरू होतं. त्यावर ‘स्ट्रसीएमपी’ चालवलं तर ते टोकनच्या पुढे जाऊन वाचत बसणार, ‘स्ट्रलेन’ भलताच आकडा देणार, आणि प्रिंट करताना नुसतं ‘पर्सेंट एस’ दिलं तर लॉगमध्ये दुसऱ्या हेडरचा मजकूर येणार. वाईट भाग असा की बऱ्याचदा पुढच्या बाइटला योगायोगाने शून्य असतं आणि तुमच्या मशीनवर सगळं छान चालतं. म्हणून आधी लांबी जुळते का बघायचं, मग ‘मेमसीएमपी’, आणि प्रिंट करताना लांबी देऊन ‘पर्सेंट डॉट स्टार एस’. व्हॅल्यू मागताना इंडेक्स उणे एक दिला तर फील्डची पूर्ण व्हॅल्यू मिळते, शून्य दिला तर स्वल्पविरामाने तोडलेल्यातली पहिली, हेही लक्षात असू द्या. आणि एकाच नावाचे अनेक हेडर येऊ शकतात, सेट-कुकी हे नेहमीचं उदाहरण, तर ‘पुढचा त्याच नावाचा’ असं विचारत जावं लागतं. सुरक्षेची तपासणी करणारं प्लगिन पहिलाच हेडर बघून समाधान मानत असेल तर ते तपासणी करत नाहीये.

आता ही व्हॅल्यू फ्री करायची का? नाही. ती तुमची नाही, बफरची आहे. पण पूर्ण यूआरएल स्ट्रिंग म्हणून मागितली तर ती मात्र तुमच्यासाठी नव्याने बनवून दिलेली असते, ती ‘टीएस फ्री’ने तुम्हीच सोडायची. दोन्ही फंक्शन कॅरेक्टर पॉइंटरच देतात, टाइप बघून काही कळत नाही. आणि तिसरा प्रकार उलटा: ४०३ सोबत जो मजकूर दाखवायचा तो एरर बॉडी म्हणून द्यायचा असतो, तो ‘टीएस मॅलॉक’ने घेतलेला असला पाहिजे, कारण दिला की मालकी प्रॉक्सीची, पाठवून झालं की तो स्वतः फ्री करणार. तिथे तुम्ही कोडमध्ये लिहिलेली साधी स्थिर स्ट्रिंग दिली तर प्रॉक्सी अशी मेमरी फ्री करायला जाणार जी कधी मागितलीच नव्हती. ‘टीएस स्ट्रडप’ केलेली प्रत द्यायची. म्हणून मी प्रत्येक नवीन फंक्शन वापरायच्या आधी एकच प्रश्न विचारतो, हे कोणाचं? उधार दिलंय, मला दिलंय, का मी देतोय? उत्तर कोडमध्ये कॉमेंट म्हणून लिहून ठेवतो.

४०३ द्यायचा असेल तर रीएनेबल करताना ‘कंटिन्यू’ऐवजी ‘एरर’ द्यायचं, म्हणजे रिक्वेस्ट मागच्या सर्व्हरकडे न जाता सरळ उत्तराच्या फाटकाकडे वळते. फाटक उघडायचं असतंच, फक्त दुसऱ्या रस्त्याने. आणि नवीन हेडर घालताना तो बनवणं, व्हॅल्यू देणं आणि शेवटी जोडणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत, तिसरी विसरली की एरर येत नाही, हेडर फक्त दिसत नाही.

पुढचा प्रश्न: एका फाटकावर कळलेली गोष्ट पुढच्या फाटकापर्यंत कशी न्यायची? ग्लोबल व्हेरिएबलमध्ये तर नाहीच, एकाच वेळी हजारो रिक्वेस्ट चालू असतात, एकाचं टोकन दुसऱ्याला लागेल. याला त्या एका व्यवहारापुरतं (म्हणजे एक रिक्वेस्ट आणि तिचं उत्तर) वेगळं कंटिन्युएशन बनवायचं, त्यात आपलं छोटं स्ट्रक्चर ठेवायचं आणि ते फक्त त्या व्यवहाराच्या हुकांना अडकवायचं. आणि बनवतानाच, त्याच क्षणी, ‘व्यवहार बंद’ या शेवटच्या हुकालाही अडकवायचं, कारण ते फाटक नक्की लागतं, क्लायंट मधेच पळून गेला तरी लागतं, आणि स्ट्रक्चर फ्री करून कंटिन्युएशन डिस्ट्रॉय करायची बरोबर जागा तीच. तिथेसुद्धा रीएनेबल लागतं बरं.

आता थ्रेड. लग्नाची पंगत आठवा. चार वाढपी आणि दोनशे पानं. प्रत्येक वाढपी पुढे पुढे जात असतो म्हणून सगळ्यांना मिळतं. एखादा वाढपी एका पाहुण्यासमोर थांबून ‘तुम्हाला मठ्ठा हवा का, थांबा मी गावातून आणतो’ म्हणून निघून गेला तर त्याच्या ओळीतली पन्नास पानं तशीच. ट्रॅफिक सर्व्हरचे नेटवर्क थ्रेड असेच मोजके असतात, साधारण मशीनच्या कोअरच्या हिशोबात, आणि एकेक थ्रेड शेकडो-हजारो कनेक्शन सांभाळतो. तुमचं फंक्शन त्याच थ्रेडवर चालतं. त्यात तुम्ही डेटाबेसला विचारायला थांबलात, डिस्कवरची मोठी फाइल वाचलीत, डीएनएसचं ब्लॉक होणारं फंक्शन वापरलंत, तर ५० मिलीसेकंद तुमची एक रिक्वेस्ट थांबत नाही, त्या थ्रेडवरचं सगळं गाव थांबतं. आणि लोड कमी असताना हे अजिबात जाणवत नाही, गर्दीच्या वेळीच अंगावर येतं.

मग करायचं काय? वेळखाऊ काम टास्क थ्रेडच्या पूलवर शेड्यूल करायचं, फाटकावरच्या फंक्शनमधून रीएनेबल न करता नुसतं रिटर्न व्हायचं, आणि काम संपलं की तिकडून रीएनेबल करायचं. मघाशी रिटर्न आणि रीएनेबल वेगळं ठेवलंय म्हणालो ते याचसाठी. असं शेड्यूल करायच्या कंटिन्युएशनला म्युटेक्स द्यावाच लागतो. दुसऱ्या एचटीटीपी सर्व्हिसला विचारायचं असेल तर त्यासाठी प्रॉक्सीचीच न ब्लॉक होणारी सोय आहे, ती वापरा, कर्ल लायब्ररीची साधी ब्लॉकिंग (उत्तर येईपर्यंत थांबणारी) हाक मारू नका. आणि जे आधीच माहीत असू शकतं, जसं की टोकनच्या चाव्या, ते इनिटमध्येच वाचून मेमरीत ठेवा, सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

म्युटेक्सबद्दल एवढंच, की भीतीपोटी ग्लोबल कंटिन्युएशनला म्युटेक्स लावून टाकला तर सगळे थ्रेड त्या एका कुलपापाशी रांग लावतात, सोळा कोअरचं मशीन एका कोअरसारखं चालायला लागतं. ग्लोबल कंटिन्युएशनमध्ये बदलणारा डेटा ठेवायचाच नाही, मग म्युटेक्स नल दिला तरी चालतो. मोजणी हवी असेल तर प्रॉक्सीचे स्टॅट, म्हणजे त्याचे तयार काउंटर, वापरा.

बॉडी बदलणं हे वेगळंच जग आहे, त्याला ‘ट्रान्सफॉर्म’ म्हणतात, आणि माझं प्रामाणिक मत असं की पहिलं प्लगिन म्हणून याला हात लावू नये. हेडर पूर्ण हातात येतात, बॉडी तशी येत नाही, ती तुकड्यातुकड्याने वाहत येते. तुम्ही मधे एक नळ बसवता, इकडून जेवढं आलं तेवढं घ्यायचं, तिकडे द्यायचं, किती घेतलं ते नोंदवायचं, अजून चालेल असं वरच्याला कळवायचं. तुम्हाला एक शब्द शोधून बदलायचा असेल तर तो शब्द नेमका दोन तुकड्यांच्या मधे तुटू शकतो, अर्धा या ब्लॉकमध्ये, अर्धा पुढच्यात, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटचे काही बाइट राखून ठेवावे लागतात. बॉडी जीझिपमध्ये (दाबून लहान केलेली) असेल तर शब्द सापडणारच नाही. एकूण लांबी बदलणार असेल तर आधी ‘जास्तीत जास्त’ असा प्रचंड आकडा सांगायचा आणि संपताना खरा. आणि प्रत्येक वेळी आत शिरल्यावर पहिलं काम, कनेक्शन बंद तर नाही झालं हे तपासायचं, कारण पलीकडचा माणूस कधीही टॅब बंद करतो. कॅशमध्ये मूळ बॉडी ठेवायची का बदललेली, हेही तुम्हीच सांगायचं असतं.

आणखी एक प्रकार आहे, रीमॅप प्लगिन. ते सगळ्या ट्रॅफिकवर चालत नाही, ‘रीमॅप डॉट कॉन्फिग’मधल्या ज्या ओळीला जोडलं तेवढ्याच साइटवर. त्यातल्या मुख्य फंक्शनमध्ये रीएनेबल नसतं, रिटर्न व्हॅल्यूच सांगते की यूआरएल बदलली का नाही. आर्ग्युमेंटमध्ये पहिल्या दोन जागी ओळीतली ‘कुठून’ आणि ‘कुठे’ ही यूआरएल असते, तुमची आर्ग्युमेंट तिसऱ्यापासून. एकाच साइटसाठी काम असेल तर हाच प्रकार घ्या, चुकलं तरी नुकसान आवरतं, फक्त क्रॅश झालं तर अर्थात सगळंच जातं.

तपासणीसाठी डीबग प्रिंटला टॅग देता येतो, कॉन्फिगमध्ये डीबग चालू करून फक्त आपलाच टॅग बघायचा, नाहीतर लॉगचा पूर येतो. ट्रॅफिक सर्व्हर अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) लावून बिल्ड करता येतो, विकासाच्या मशीनवर तोच ठेवा, फ्री केलेली मेमरी परत वापरणारे किंवा घेतलेल्या मेमरीच्या बाहेर जाणारे बरेच बग तिथेच पकडले जातात, पण शून्य नसलेल्या स्ट्रिंगच्या पुढे त्याच हेडर बफरच्या आत वाचलं तर त्याच्या भरवशावर राहू नका. माझी स्वतःची शेवटची चाचणी फार साधी आहे. दोन काउंटर ठेवतो, व्यवहाराचं कंटिन्युएशन बनवलं की एक वाढतो, शेवटच्या फाटकावर फ्री केलं की दुसरा. मग लोड टाकायचा, बरोबर टोकन, चुकीचं टोकन, टोकनच नाही, दोनदा टोकन, मागचा सर्व्हर बंद करून, आणि मोठी फाइल डाउनलोड होत असताना मधेच कंट्रोल-सी मारून. लोड थांबवायचा, कीप-अलाइव्ह (पुढच्या रिक्वेस्टसाठी उघडी ठेवलेली) कनेक्शन सुटेपर्यंत थांबायचं आणि दोन्ही आकडे बघायचे. एकाचाही फरक असेल तर कुठल्यातरी वाटेवर कोणीतरी अजून फाटकाशी उभं आहे, आणि ते सापडेपर्यंत मी ते प्लगिन पुढे जाऊ देत नाही.